मालीवानचा साचा

ही घटना घडली तेव्हा मी त्याच गावात होतो. ऐकीव गोष्ट असती, तर सांगितली नसती.

लाओसमधलं शियांगखुआंगचं पठार. भातकापणी नुकतीच उरकली होती आणि सकाळचं धुकं अजून अंगणातच होतं.

आमच्या गावात युद्धात पडलेल्या बॉम्बांचं ॲल्युमिनियम वितळवून चमचे ओततात. माझी मावशी बुआकेव ही खामफानशी लग्न करून त्याच्या घरात आली, ती चमचे करायलाच.

खामफानची पहिली बायको मालीवान तापाने गेली होती.

चमचे ओतायचा तिचा लाकडी साचा मात्र घरातच होता.

"बाई नवी, पण चमचे जुनीचेच!" शेजारची म्हातारी हसून म्हणायची. "काय गं बुआकेव, नवरा तरी तुझा आहे ना?"

मावशीने मग स्वतःचा नवा साचा कोरला. खामफानने त्यातला चमचा हातात फिरवला आणि खाली ठेवला.

"मालीवानचा हातात बसतो. तुझा बोचतो."

एवढंच बोलून तो बाजाराला गेला.

मावशीने मालीवानचा साचा उचलला.

मेलेल्या माणसाची वस्तू मोडायची, तर आमच्यात आधी चिकट भाताचा गोळा ठेवतात. नाव घेऊन परवानगी मागतात. मावशीला हे ठाऊक होतं.

पण ते नाव तिला आपल्या तोंडाने घ्यायचं नव्हतं.

तिने साचा तसाच भट्टीत सारला.

लाकूड पेटलं...

तडतड मात्र झाली नाही.

कोंबड्या गप्प झाल्या. शेजारचं कांडणही थांबलं.

मावशीने आपल्या साच्यात ॲल्युमिनियमचा रस ओतला, थंड झालेला चमचा बाहेर काढला आणि क्षणभर डोळे मिटले.

खर्र... खर्र...

कुणीतरी कानस चालवत होतं.

तिने मागे पाहिलं. कुणी नाही.

खर्र... खर्र...

दाराबाहेर पाहिलं. नुसतं धुकं.

मग तिने खाली पाहिलं.

आवाज तिच्याच मांडीवरून येत होता. चमचा उजव्या हातात होता आणि डावा हात शांतपणे, सराईतपणे त्याची कड घासत होता.

मावशीने डाव्या हाताने आयुष्यात कधी कानस धरली नव्हती.

खामफान परतला, तेव्हाही तो हात थांबला नव्हता. त्याने चमचा घेतला, बोट फिरवलं आणि खाली बसला. अगदी तिच्या शेजारी. लग्नानंतर पहिल्यांदाच.

"मालीवान डावखुरी होती," तो हळूच म्हणाला. "तुला कुणी सांगितलं?"



तेव्हापासून तो रोज तिच्याजवळ बसतो. पाणी आणून देतो, हसतोसुद्धा.

"सुखात आहेस ना आता?" मी एकदा विचारलं.

"माझ्या तोंडाकडे बघतात का ते, विचार त्यांना," मावशी म्हणाली. "दिवसभर तिच्या हाताकडे बघत असतात."

'तिच्या' म्हणाली. 'माझ्या' नाही.

गेल्या नववर्षाला मी तिच्या घरी गेलो होतो. माणसाचा जीव अंगात टिकून राहावा, म्हणून आम्ही मनगटाला पांढरा दोरा बांधतो. मावशीने उजवा हात पुढे केला...

डावा त्याच्या आधीच पुढे आला होता.

खामफान बघत होता. मी त्याच डाव्या मनगटाला दोरा बांधला. घट्ट गाठ मारली.

त्या घरात मी कुणाचा जीव बांधून ठेवला, हे मला अजून कळलेलं नाही.