तिसऱ्या कुंपणातली माती

"थांब! पाय आत टाकलास तर बघ!"

योआर कुंपणाच्या दारातच थबकला. उत्तर स्वीडनच्या त्या पाइनच्या जंगलात सकाळपासून पाऊस पडत होता.

"बूट बदल," सिग्ने म्हणाली. "प्रत्येक कुंपणाचे बूट वेगळे. तिकडची बुरशी इकडे आली, तर माझं चार वर्षांचं संशोधन मातीत."

"मातीतच तर असतेस तू!"

हसू लपवायला तिला तोंड फिरवावं लागलं.

योआर झाडांभोवतीच्या नळ्यांतून कर्बवायू सोडायला नव्याने आला होता. पुढल्या काळातली, जास्त कर्बवायूची हवा आजच झाडांना द्यायची, नि खाली मुळांत काय घडतं ते सिग्नेने बघायचं. दुपारच्या कॉफीला तो हटकून तिच्याशेजारी बसे.

"काय म्हणतात मुळं?"

"झाड मुळांवरच्या बुरशीला जास्त साखर देतंय. बुरशी मात्र बदल्यात द्यायचं नत्र स्वतःलाच ठेवून घेतेय."

"म्हणजे एकाने देत राहायचं, दुसऱ्याने दाबून बसायचं? ओळखीचं वाटतंय..."

सिग्नेचे कान तापले.

नोव्हेंबरच्या वादळात तिसऱ्या कुंपणातला एक पाइन मोडला. सिग्नेचा पाय फांदीखाली अडकला. तिची किंकाळी ऐकून योआर शेजारच्या कुंपणातून धावत आला, फांदी उचलली, तिला उराशी धरलं — आणि मग त्याची नजर स्वतःच्या पायांकडे गेली.

"सिग्ने... बूट..."

कुणी पाहिलं नव्हतं. सांगितलं, तर नियमाप्रमाणे योआरला जंगलात पुन्हा पाऊल टाकता येणार नव्हतं. आणि गप्प बसलं, तर त्या मातीबद्दल ती जे काही लिहील ते खोटं ठरणार होतं. रात्रभर ती रडली. सकाळी लंगडत प्रयोगाच्या साहेबांकडे गेली आणि सगळं सांगून आली. तिसरं कुंपण बाद झालं, आणि योआरही.

बसथांब्यावर दोघं पावसात उभी होती.

"रागावलास?"

"रागावलोय ना... पण तू लपवलं असतंस, तर एकमेकांकडे बघायची चोरी झाली असती."

"योआर... माझं प्रेम आहे तुझ्यावर."

"आत्ता सांगतेस? बस दिसायला लागल्यावर?"

"आधी सांगितलं असतं, तर साहेबांसमोर माझं तोंडच उघडलं नसतं रे."

त्याने तिची ओली टोपी कानांवर नीट ओढली, आणि तो बसमध्ये चढला.