गाळातली सांबरी

या हिवाळ्यात राजहंस पाहायचेच, असं ठरवून रंभाबाई लाखनीहून निघाल्या. १९७६ सालची ही गोष्ट. हिमालय ओलांडून येणारे ते पाहुणे जंगलातल्या एका तलावावर उतरतात, असं त्यांच्या कानावर आलं होतं. सोबत धाकटा भाऊ वासुदेव आणि डोंगा चालवायला श्रावण ढिवर.

सकाळचं धुकं पाण्यावर बसलं होतं. शिंगाड्याच्या वेलींतून बांबू रेटत श्रावणनं डोंगा पलीकडच्या उथळ गाळापाशी नेला. आणि समोर राजहंस! डोक्यावर दोन-दोन काळे पट्टे. रंभाबाईंनी दुर्बीण डोळ्यांना लावली, तोच सगळा थवा उडाला.

काठावरची झुडपं फाकली. एक सांबरी धाडकन पाण्यात शिरली! मागोमाग तांबडे रानकुत्रे. चार उड्या मारल्या तिनं आणि पोटापर्यंत गाळात रुतली.

श्रावणनं डोंगा मागे घ्यायला बांबू रोवला. तो गाळात फसला, हातून सुटला.

"आता काय करायचं?" वासुदेवनं विचारलं.

"आता हातच आहेत, भाऊ."

कुत्रे पाण्यात उतरले. तिघांनी आरडाओरडा केला, डोंग्याच्या कडा बडवल्या. कुत्रे थबकले, मागे सरकले आणि काठावर बसून राहिले. त्यांना घाई नव्हती.

"बाई, उतरू नको," वासुदेव म्हणाला. तोवर थोरल्या बहिणीनं सांबरीकडे जायला पाय खाली टाकला होता.

एकच पाऊल! कमरेपर्यंत गाळ. पाय हलवावा तसा तो आणखी खाली ओढत होता. वासुदेवनं आडवं पडून तिची मनगटं धरली. श्रावणनं डोंग्यातला दोर काखेखालून घातला. डोंगा कलला, पाणी आत आलं. दोघांनी जीव खाऊन ओढलं, तेव्हा रंभाबाई बाहेर आल्या आणि डोंग्याच्या तळाशी पडून राहिल्या.

"जाऊ आता," श्रावण म्हणाला.

"तिले असंच सोडून?" रंभाबाईंनी विचारलं.

मग हातांनी पाणी मारत ते सांबरीजवळ गेले. दोर तिच्या छातीभोवती टाकला, ओढला. पुन्हा ओढला.

"ती येऊन नाही राहिली, बाई," श्रावण हळूच म्हणाला. "आपणच तिच्याकडे चाललो."

सांबरीची मान खचू लागली. नाक पाण्याला टेकलं, तेव्हा रंभाबाईंनी तिच्या हनुवटीखाली हात दिला. वर राजहंस घिरट्या घालत होते. मान वर करून कुणी पाहिलं नाही.

"कुत्रे थांबून आहेत," वासुदेव म्हणाला.

"थांबू दे."

धुकं विरलं. ऊन पाण्यावर आलं. मनगटावर लागणारा गरम श्वास तुटक होत गेला, मग लागेनासा झाला. तरी त्यांनी हात काढला नाही. शेवटी श्रावणनंच दोर सोडवला.

रंभाबाईंनी ते जड डोकं हळूच पाण्यात ठेवलं. काठावर कुत्रे उठून उभे राहिले. तिघं खाली माना घालून, हातांनी पाणी मारत परत निघाले.