गच्चीवरची हिरवी तार

धूर दिसण्याआधी वास आला. फौजदारबाई दुपारची भांडी विसळत होत्या. खिडकीतून जळक्या रबराचा भपकारा आत शिरला, पाठोपाठ जिन्यात धावपळ, आणि मग गच्चीवरून कुणीतरी तारस्वरात ओरडू लागलं. शिव्या होत्या. सगळ्या गल्लीला ऐकू जातील अशा.

थोड्या वेळाने दार वाजलं.

"बाई, वर चला. माझी सगळी सोलर सिस्टीम जाळली त्याने!"

दारात वरच्या मजल्यावरचा जावई उभा होता. त्याचे सासरे अण्णा लेकीकडे राहायला आले आणि कट्ट्यावर बसून ऊठसूट 'आमचे जावई, आमचे जावई' करू लागले, तेव्हापासून अख्खी इमारत त्याला जावईच म्हणत असे. बाईंना फौजदार म्हणणंही तसंच रूढ झालं होतं. पोलिसातली नोकरी संपून जमाना झाला, पण नाव चिकटलं ते चिकटलं.

"कुणी जाळली?"

"वायरमनने. आणखी कोण? गच्चीवरूनच सुनावलं मी त्याला. आता चौकीत तक्रार देतो. तुम्ही फक्त कशी लिहायची ते सांगा."

"लायसन्स जाईल त्याचं."

"जाऊ दे."

"त्याचं पोट आहे त्यावर. आधी बघू तर दे."

गच्चीवर पॅनल उन्हात शांत पडले होते. त्यांना काही झालं नव्हतं. झालं होतं ते शेजारच्या खोलीत. व्हिडिओ बघून बघून जावयाने सगळं स्वतःच्या हाताने उभारलं होतं आणि रविवारी साऱ्या इमारतीला तो ते दाखवणार होता. लाकडी फळीवर बॅटऱ्यांची रांग, भिंतीवर इन्व्हर्टरची पेटी. पेटीच्या जाळीतून अजून बारीक धूर येत होता. फळीवरून पेटीकडे गेलेली हिरवी तार वितळून भिंतीला चिकटली होती.

"कशाकशाला हात लावलास?"

"फक्त पॅनलचा खटका पाडला. बाकी जसंच्या तसं आहे."

"ही हिरवी कसली?"

"अर्थिंगची. सगळं अर्थिंग त्या तांब्याच्या पट्टीवर येतं. पेटीचंही, बॅटरीचंही. मी ही तार बॅटरीच्या मायनसला लावली होती. या इन्व्हर्टरचं मायनस आतूनच पेटीला जोडलेलं आहे, म्हणून तशीच लावायची असते. आता बघा कुठे आहे."

बाई वाकल्या. हिरव्या तारेचं टोक प्लसवर होतं. खाली वॉशर, वर नट, आणि नट चांगला कसलेला. उलट मायनसची जाड काळी तार सुटी लोंबत होती. तिच्या टोकाला काळा डाग पडला होता.

"प्लसच्या तारेतला मोठा फ्यूज?"

"शाबूत आहे. तेच तर. फ्यूजला वळसा घालून जाळलंय. जाणत्याचंच काम."

बाईंनी बोट फिरवलं. प्रत्येक टर्मिनलवर पेट्रोलियम जेलीचा पातळ हात होता.

"हे तू लावलंस?"

"नाही. माझ्याकडे नाहीच ते."

फळीवर एक पाना पडला होता. तोंडापुरतं लोखंड उघडं, बाकी दांडा चिकटपट्टीने नीट गुंडाळलेला.

"पाना माझाच," जावई म्हणाला. "पट्टी नाही माझी."

वायरमन कोपऱ्यावरच्या दुकानात पंख्याची गुंडाळी भरत होता. त्याने मान वर केली नाही.

"या बाई. बेड्या आणल्यात?"

"जुन्या झाल्या, गंजल्या. दुपारी गच्चीवर गेला होतास?"

"गेलो होतो. माझी शिडी दिली होती जावयाला, ती आणायला. देताना गोड बोलला, परत करायचं नाव नाही."

"खोलीत शिरलास?"

"नाही."

"तूच म्हणाला होतास ना, एक दिवस धूर निघेल म्हणून?"

"म्हणालो. काम मला दिलं नाही, राग आला होता. तोंडाने म्हणालो, हाताने नाही केलं." आता त्याने वर पाहिलं. डोळे लाल होते. "बाई, दुकानात तासभर एक माणूस फिरकला नाही असं कधी झालं नव्हतं. दुपारपासून कुणी नाही. समोरचा शिंपीसुद्धा तोंड फिरवून बसलाय. घरी बायकोला काय सांगू?"

"खोलीचं दार उघडं होतं?"

"लोटलेलं होतं. आत कुणीतरी होतं. गुणगुणत होतं. मला वाटलं जावईच."

बाई वर परतल्या तेव्हा ऊन कलायला आलं होतं. जावयाच्या घरी अण्णा खुर्चीत बसले होते. लेक आत कणीक मळत होती. गॅलरीतले कपडे वाळून घडी होऊन पलंगावर पडले होते. दोरीवर एकच सदरा होता, ओला, टिपटिप गळणारा.

"अण्णा, कंटाळा आला म्हणून आले," बाई म्हणाल्या. "तुमच्या टेलिफोन एक्स्चेंजच्या गोष्टी सांगा बघू. मी एकदा चोरीच्या तपासाला गेले होते एका एक्स्चेंजमध्ये. बॅटरीच्या खोलीत शिरताना मला बांगड्या काढायला लावल्या होत्या."

अण्णांचा चेहरा क्षणभर उजळला. "लावणारच! आमच्यात अंगठीसुद्धा चालायची नाही. धातू अडकला की बोट गेलं. पाना घेतला तरी दांडा गुंडाळलेला."

"आणि त्या बॅटऱ्या केवढाल्या हो!"

"माणसाच्या कमरेएवढ्या. काचेच्या. रोज पुसायच्या. लेकरासारख्या सांभाळल्या मी. शहराची वीज गेली तरी फोन कधी बंद पडला नाही."

"आमच्या साहेबांनी तेव्हा काहीतरी विचारलं होतं, अर्थिंगबद्दल. मला आता आठवत नाही. तुमच्यात कसं असायचं?"

"प्लस जमिनीला," अण्णा चटकन म्हणाले. "मायनसला फ्यूज. जमिनीखालच्या केबली गंजू नयेत म्हणून. जगभर तसंच..."

ते थांबले. आतलं परातीचं वाजणंही थांबलं.

"काम करताना आधी कोणती तार सोडवायची?" बाईंनी हळू विचारलं.

अण्णांची नजर दोरीवरच्या सदऱ्याकडे गेली.

"मायनसची ना? तुमच्या लेखी जिवंत तार तीच."

बाईंनी जावयाला हाक मारली. तो मोबाईल हातात घेऊनच आला. "निघतोय मी चौकीत."

"बस जरा. कुठे जायची गरज नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे घातपात झालाच नाही. मला सांग, जाळायचंच असतं तर त्याने काय केलं असतं? पाना दोन टोकांवर आडवा टाकला असता आणि पळाला असता. वॉशर कोण लावतं? टर्मिनलला जेली कोण चोपडतं? बॅटऱ्यांना गंज चढू नये म्हणून जिवाचं रान करणारा माणूस त्या जाळायला आला नव्हता. तो दुरुस्त करायला आला होता."

"दुरुस्त? काय बिघडलं होतं माझं?"

"काहीच नाही. पण त्याला वाटलं बिघडलंय. मायनस जमिनीला पाहिलं की ज्याचे हात शिवशिवतात, असा माणूस. त्याने सवयीने आधी मायनसची तार सोडवली. म्हणून हिरवी तार प्लसला कसताना ठिणगी पडली नाही, आणि त्याला चूक कळली नाही. मग मायनस परत टेकवलं. तुझ्या पेटीत मायनस आतूनच पेटीला जोडलेलं, पेटी अर्थिंगला, आणि आता प्लसही अर्थिंगला. प्लस-मायनसची गाठ पडली. सगळा प्रवाह हिरव्या तारेतून गेला, फ्यूजच्या वाटेला गेलाच नाही. तार पेटली, पेटी जळली, त्याच्या हातून काळी तार सुटली. ठिणग्या बाहीवर उडाल्या."

बाई गॅलरीत गेल्या आणि ओल्या सदऱ्याची बाही उचलून धरली. तिला मोहरीएवढी भोकं पडली होती.

दारात लेक उभी होती. हात कणकेने भरलेले. "मला वाटलं, धुतला की वास जाईल," ती म्हणाली आणि पदराने नव्हे, कणकेच्या हातानेच तिने डोळे झाकले.

"अण्णा?" जावई त्यांच्याकडे वळला.

"तुम्हीच म्हणाला होतात, 'अण्णा, तुमचा जमाना गेला, हात लावू नका.'" अण्णा जमिनीकडे बघत बोलत होते. "मला वाटलं, चूक आहे. रविवारी चार लोक येणार. कुणी जाणता आला आणि हसला तर? लेकीच्या नवऱ्याची शोभा व्हायला नको. गुपचूप नीट करून ठेवू. कुणाला कळणारही नाही."

"मग जळल्यावर तरी सांगायचं!"

"सांगणार होतो. जिना उतरेपर्यंत तुम्ही वर गेलात आणि त्याला शिव्या सुरू झाल्या. मी कट्ट्याशी उभा होतो. तो दुकानातून माझ्याकडेच बघत होता, मी तरी काही बोलेन म्हणून. मी..." त्यांनी पाय खुर्चीखाली ओढले. "मी चपला शोधायचं नाटक केलं, बाई. पायात चपला असताना."

जावयाची मानही आता खाली होती. शिव्या त्याच्याच तोंडच्या होत्या.

"तक्रार तर टळली," बाई म्हणाल्या. "पण त्याचं नाव गल्लीत गेलंय. ते घरात बसून परत येणार नाही."

अण्णांनी ओला सदरा दोरीवरून काढला आणि तसाच अंगात घातला. लेक "अण्णा, दुसरा देते" म्हणत मागे धावली, पण ते जिना उतरू लागले होते. जावई आणि बाईही मागोमाग निघाले.

दुकानात वायरमन तसाच बसला होता. अण्णांनी बाही पुढे केली आणि सगळं सांगितलं. आवाज इतका बारीक की त्याला पुढे वाकावं लागलं.

ऐकून झाल्यावर तो म्हणाला, "मला शिव्या कुठून घातल्या होत्या?"

"गच्चीवरून," जावई म्हणाला. "माझं चुकलं. मी माफी..."

"तुमचं मग बघू. मला अण्णांशी बोलायचंय. त्या सगळ्यांना ऐकू गेल्या होत्या. आणि तुम्ही माझ्या कानात सांगताय?"

अण्णा दुकानाबाहेर आले. रस्त्याच्या मधोमध उभे राहिले. पहिल्या वाक्याला आवाज फाटला. भाजी घेणाऱ्या बायका थांबल्या. खिडक्या उघडल्या. त्यांनी सगळं सांगितलं, चपलांचं नाटकसुद्धा.

सांगून झालं. लेकीने पुढे होऊन त्यांचा दंड धरला. "चला आता, अण्णा. झालं."

त्यांनी तिचा हात सोडवला.

"थांब," ते म्हणाले. "तो शिंपी आत्ता बाहेर आलाय. त्याने ऐकलं नाही."

आणि त्यांनी पहिल्यापासून पुन्हा सुरुवात केली.