टणक पट्टी मोडली कशी?

पट्टी माझ्या हातात मोडली. मी फार जोरही लावला नव्हता. नुसती वाकवायला गेले, तर चिक्कीसारखी कट्‌कन मोडून दोन तुकडे झाले.

आणि हीच पट्टी थोड्या वेळापूर्वी कठीणतेच्या परीक्षेत (टोकदार खिळा दाबून धातूत किती खोल खळगा पडतो, ते बघण्याच्या परीक्षेत) पहिली आली होती. मूळ धातूपेक्षाही टणक निघाली होती. मग ती मोडली कशी, सांगा ना.

मी शाल्मली. राहते चंद्राच्या पाठीवर, म्हणजे जी बाजू पृथ्वीकडे कधीच वळत नाही तिथे. तुम्ही चंद्र बघता तेव्हा आम्ही तुम्हाला दिसत नाही, आणि आम्हाला तर पृथ्वी कधीच दिसत नाही. केंद्रावर सध्या दोनच माणसं, मी आणि माझ्या आईचे वडील. आजोबा धातूंचे शास्त्रज्ञ आहेत. बाकीची मंडळी परत गेली, नवी तुकडी अजून यायची आहे. मला भांडायलासुद्धा कुणी नाही. आजोबांशी भांडून बघितलं, पण ते भांडतच नाहीत, समजावत बसतात.

बाहेर बोलायला आमच्याकडे एकच साधन आहे, छतावरची अँटेनाची तबकडी. वरून जाणाऱ्या उपग्रहाकडे तोंड करून ती फिरते आणि तो उपग्रह आमचं बोलणं पुढे पोचवतो. तिला फिरवणाऱ्या अॅल्युमिनियमच्या दांड्याला सकाळी तडा गेला. इथे उन्हात धातू भाजून निघतो आणि सावलीत गारठतो. प्रसरण आणि आकुंचन पावून पावून तो थकतो. पण त्याला मुहूर्त सापडला तो नेमका आजचा.

कारण आज संध्याकाळी आईचं यान गुरूकडे निघणार होतं. ते पृथ्वीभोवती फिरत होतं तोवर मी काही विचारलं की दोन-तीन सेकंदांत आईचं उत्तर यायचं. रेडिओचा संदेश प्रकाशाच्या वेगाने जातो, पण अंतर वाढलं की त्यालाही वेळ लागतो. यान सुटल्यावर उत्तर यायला आधी मिनिट लागणार, मग दहा मिनिटं, मग तासाच्या वर. म्हणजे आईशी नीट गप्पा मारायला मला आजचाच दिवस होता.

आजोबांनी तडा कोरून साफ केला, दांडा काचेच्या पेटीत ठेवला आणि पेटीच्या हातमोज्यांत माझे हात घालायला लावले. मी फवाऱ्याची नळी धरली.

"याला थंड फवारा म्हणतात," ते म्हणाले. "फ्रीजसारखा थंड नव्हे हं. आतला वायू चांगला तापलेला असतो. पण धातूची पावडर वितळत नाही, म्हणून थंड."

"वितळत नाही तर चिकटते कशी?"

"वेगाने. वायू तिला आवाजापेक्षाही जोरात फेकतो. भिंतीवर ओल्या मातीचा गोळा हळू टाकलास तर खाली पडेल. जोरात मारलास तर पसरून चिकटेल. इथे प्रत्येक कण असाच आपटून चपटा होतो. त्याच्यावर हवेमुळे चढलेला ऑक्साइडचा पापुद्रा फाटतो, आतला स्वच्छ धातू दांड्याच्या धातूला जाऊन भिडतो. मग पुढचा कण, त्यावर पुढचा."

तडा भरला. आजोबांची एक सवय आहे. दुरुस्ती केली की त्याच पावडरीची एक वेगळी पट्टी बनवायची आणि दांड्याआधी तिची परीक्षा घ्यायची. ती पट्टी खिळ्याच्या परीक्षेत पास झाली तेव्हा मी अंतराळपोशाख आणायला निघालेसुद्धा. आजोबा म्हणाले, "आता वाकवून बघ."

पुढचं तुम्हाला माहीतच आहे.

त्यांनी माझ्या हातात एक साधी तार दिली. "एकाच जागी वाकव, सरळ कर, परत वाकव."

मी वाकवत राहिले. तार त्या जागी कडक होत गेली, वाकायला त्रास द्यायला लागली, आणि तुटली.

"ठोकला, दाबला, पिळला की धातू टणक होतो," आजोबा म्हणाले. "पण त्याची तन्यता (न तुटता ताणलं किंवा वाकलं जाण्याचा गुण) संपते. आपल्या पट्टीतला प्रत्येक कण आपटून चेचला गेलाय. शिवाय कणाकणांमधला जोड काही ठिकाणी पक्का, काही ठिकाणी नुसता टेकलेला. वाकवलं की तो तिथेच उलतो. टणक असणं वेगळं आणि चिवट असणं वेगळं."

"मग आता?"

"अनुशीतन. म्हणजे न वितळवता भट्टीत तापवायचं, तसंच राहू द्यायचं आणि हळूहळू थंड करायचं. त्या उबेत अणू जागा बदलतात, आतला ताण सैलावतो, कणांच्या सीमा ओलांडून जोड पक्के होतात. टणकपणा थोडा कमी होईल, चिवटपणा येईल."

"किती वेळ लागेल?"

आजोबांनी घड्याळाकडे बघितलं. "यान सुटून जाईल, बाळा."

मला रडूच आलं. मी म्हटलं, आज बसवूया दांडा. एकदाच बोलणं होऊ दे, मग मोडला तर मोडू दे.

"तबकडी सुरू होताना झटका बसतो. दांडा मोडून ती खाली आली, तर पुढचं मालवाहू यान येईपर्यंत आपण मुके. पावडरही संपली." ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुझी आई अनू माझीही कोणीतरी लागते, शालू."

हे मला सुचलंच नव्हतं. आजोबांनाही आज त्यांच्या मुलीला निरोप द्यायचा होता. भट्टीचं दार मीच उघडलं आणि दांड्यासोबत मोडक्या पट्टीचा एक तुकडाही आत ठेवला.

संध्याकाळ झाली, टळली. आम्ही दोघं भट्टीसमोर बसून राहिलो. मला फार एकटं वाटत होतं आणि मला वाटतं, त्यांनाही.

दुसऱ्या दिवशी भट्टीतून निघालेला पट्टीचा तुकडा मी वाकवला. तो कमानीसारखा वाकला आणि तसाच राहिला. मग दांडा बसवला. तबकडीला झटका बसला, मी डोळे मिटून घेतले, आणि ती फिरायला लागली.

लगेच आईचा आवाज आला. कधीपासून ती एकच निरोप पुन्हा पुन्हा पाठवत होती. "शालू, निघताना बोलली नाहीस. मी जातेय म्हणून रुसलीस ना? रुस हवं तर, पण बोल माझ्याशी."

"आई, मी रुसले नाहीये," मी ओरडूनच म्हटलं. "दांडा मोडला होता."

एवढंच, आणि मग काही नाही. माझं बोलणं निघालं होतं, पण अजून पोचलं नव्हतं. तिथे आईला अजूनही वाटत होतं की मी रुसले आहे, आणि ते खरं नाही हे मला ठाऊक असूनही ते क्षण मला लवकर संपवता येत नव्हते. आजोबांनी माझा हात घट्ट धरला होता. वर तबकडी न कुरकुरता आईच्या यानाचा निरोप झेलत राहिली होती.

मग आईचा आवाज आला. आधी ती नाक ओढत होती, मग हसली.

"दांडा कसा मोडला? सगळं सांग. उत्तराची वाट बघत थांबू नकोस, तू आपली बोलत राहा, मी ऐकतेय."

मी आजोबांना जवळ ओढलं आणि सांगायला सुरुवात केली.