दुसरी डिस्क कोणी काढली?

"माझ्या घरातल्या कुणीतरी माझ्या मुलीला पाडलंय. आणि आज मला तिला त्याच घरी परत न्यायचंय."

जान्हवी पडवळने हे खुर्चीत बसायच्या आधीच सांगून टाकलं. तिच्या खांद्यावर सात महिन्यांची श्रुतिका झोपली होती. बाळाचा डावा हात पट्टीने छातीशी बांधलेला होता.

दर्शना कांबळेने चहाचा कप खाली ठेवला. घाटकोपरच्या तिच्या डिटेक्टिव्ह एजन्सीच्या ऑफिसात बायका बहुतेक नवऱ्यांच्या भानगडी घेऊन येत. तिचा भागीदार सर्वेश त्या एवढ्याशा पट्टीकडे बघतच राहिला.

"हासळीचं हाड मोडलंय. काल दुपारी. मी ऑफिसात होते."

"खोलीत कॅमेरा?"

"आहे ना! पण नेमकं तेव्हाचंच रेकॉर्डिंग नाहीये. घरात एक स्टोरेजचा बॉक्स आहे. फोटो, व्हिडिओ, कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग, सगळं त्यात जातं. आत दोन डिस्क, दोन्हींत तेच. जागा संपत आली म्हणून निलेशने, माझ्या नवऱ्याने, मोठ्या डिस्क आणल्या. एक जुनी काढायची, तिथे मोठी घालायची, उरलेल्या जुन्या डिस्कवरून तिच्यात सगळं उतरू द्यायचं. मग दुसरी बदलायची. पहिली बदलून तो काल सकाळीच अंधेरीला मित्राकडे गेला. आणि दुपारी कुणीतरी दुसरी जुनी डिस्कही ओढून काढली. ती फळीवरच पडली होती, पण परत घालूनही बॉक्स ठप्प."

"म्हणजे सगळे फोटो गेले?" सर्वेश हळहळला.

"सकाळी काढलेल्या डिस्कमध्ये आहेत की रे! फोटोंचं काय घेऊन बसलास?" दर्शना जान्हवीकडे वळली. "संशय कुणावर?"

"सगळ्यांचा मालनवर. ती बाळ सांभाळते. निलेशने चौकीत तिचं नाव दिलंय, आज संध्याकाळी तिला बोलावलंय. पण ताई, मालन तसली नाही हो. आणि मालन नाही म्हटलं, तर मग... मला विचारच करवत नाही."

"आणखी काही खटकलं?"

"हॉस्पिटलात झबल्याला ओव्याच्या धुराचा वास येत होता. हिच्या छातीत घरघर होते म्हणून डॉक्टरांनी धुरी बंद सांगितलीय. मी घरात देऊच देत नाही. शेजारून आला असेल म्हटलं."

"याआधी कधी कॅमेरा बंद पडला होता?"

"मागच्या आठवड्यात. सासूबाईंच्या झाडूत अडकून प्लग निघाला. कॅमेरा बंद झाला की मला मोबाइलवर कळतं. मी लगेच फोन केला आणि त्यांना जरा जास्तच बोलले."

तासाभरात ते मुलुंडच्या फ्लॅटमध्ये होते.

बाळाच्या खोलीत पाळणा होता, शेजारी मालिशचं उंच टेबल, आणि टेबलावरच्या फळीवर तो काळा बॉक्स.

"श्रुतिका सापडली कुठे?"

"टेबलापाशी, जमिनीवर," जान्हवी म्हणाली. "पाळण्याची जाळी वर होती. कडीसुद्धा लावलेली."

निलेश दारातच उभा होता. चिडलेला, रात्रभर न झोपलेला.

"मॅडम, मालनने बाळाला पाडलं, घाबरली आणि पुरावा नको म्हणून डिस्क काढली. यात शोधायचंय काय?"

"तुम्हाला एखादं रेकॉर्डिंग उडवायचं असतं तर?"

"मोबाइलवरून डिलीट केलं असतं. बॉक्सला हात कशाला लावू?"

"काल सकाळी डिस्क बदलताना इथे कोण होतं?"

"आई होती. काय करतोयस रे, विचारत होती. कॅमेऱ्याचं सगळं या एकट्या डिस्कवर चाललंय आता, असं सांगितलं तिला. मालन दुपारची येते."

"एक काढल्यावर काही आवाज?"

"टीं टीं सुरू झालं. ते मी बंद केलं. दुसरी काढली की परत वाजणारच."

जान्हवीने बोलावलं म्हणून आलेली मालन स्वयंपाकघराच्या गॅलरीत दुपटी पिळत होती. बोलताना मध्येच खोकत होती.

"दम्याचा त्रास आहे?"

"जुना आहे. मी इथेच दुपटी धूत होते हो. बाळ पाळण्यात झोपलेलं, आजी देवळात गेलेल्या. एकदम ते मशीन कोकलायला लागलं. मग धप्प झालं, मग बाळ किंचाळलं. धावले, तर आत शिरल्या शिरल्या माझा घसाच धरला. तेवढ्यात आजी पण मागून आल्या."

सासूबाई, प्रेमाताई, देवघरासमोर बसल्या होत्या.

"मी देवळातनं आले, दाराला किल्ली लावतेय, तर आतून टीं टीं. आणि मग लेकरू कळवळलं. माझं काळीज तुटलं गो बाय! त्या बयेक सोडू नका तुम्ही."

"आधी टीं टीं, मग बाळ रडलं?"

"तसंच. बहिरी नाय मी अजून."

दर्शनाने सगळ्यांना बाळाच्या खोलीत बोलावलं. जान्हवी श्रुतिकाला घट्ट धरून उभी राहिली.

"सगळ्यांनी एकच धरून ठेवलं," दर्शना म्हणाली. "बाळ पडलं, मग ते लपवायला डिस्क काढली. पण मालन आणि प्रेमाकाकू दोघी सांगतायत की आधी मशीन वाजलं, मग बाळ रडलं. म्हणजे डिस्क निघाली तेव्हा बाळ पडलंच नव्हतं. मग लपवायचं काय होतं?"

"अरे हो यार!" सर्वेश पुटपुटला.

"पुढे घडणारं काहीतरी. सात महिन्यांचं बाळ कडी लावलेल्या पाळण्यातून बाहेर येत नाही. कुणीतरी उचलून टेबलावर ठेवलं. झबल्याला ओव्याचा धूर, खोलीत पाय टाकताच मालनचा घसा धरला. इथे धुरी द्यायची तयारी झाली होती. दम्याची बाई ती पेटवणार नाही."

निलेशने आईकडे पाहिलं.

"कॅमेऱ्याचा प्लग काढला तर जान्हवीचा फोन येतो, हे कुणाला चांगलंच ठाऊक होतं? कॅमेऱ्याचं सगळं एका डिस्कवर आहे, हे सकाळी कुणी ऐकलं? मालन तर आलीही नव्हती. निलेशना डिस्क काढायची गरजच नव्हती. आणि काढली म्हणून डिस्क पुसली जात नाही, काकू. बाळाला पाळण्यातून उचलणारे हात तिच्यात असणार. उद्या डेटा काढून देणारं दुकान उघडलं की ती वाचता येईल. पण मालनला आज बोलावलंय."

प्रेमाताई भिंतीला टेकत खाली बसल्या.

"निलेशक धुरी दिली, त्याच्या बापाक दिली... हिच्या छातीत एवढा कफ! बघवेना गो. जानू फोन करून बोलली असती. म्हटलं, पाच मिन्टांचं काम. बाळावर माझा एक हात होता." त्यांनी हात पुढे केला. "ती डिस्क एका हाताने निघेना."

जान्हवी मागे सरकत पाळण्यावर आदळली. "आणि रात्रभर तुम्ही माझ्या शेजारी बसून मालनला शिव्या देत होतात? आई?"

"आई, अगं मी चौकीत नाव दिलं तिचं!" निलेश ओरडला. "तू गप्प बसलीस?"

"भ्याले गो. मालन धावत आली तशी धुपाटणं घेऊन दाराआड झाले, मग तिच्या मागनं आले." प्रेमाताई हुंदके देऊ लागल्या. जान्हवी एक पाऊल पुढे आली, थांबली. त्यांना धरावं की हाकलावं, तिला कळेना.

मालनने ओले हात पदराला पुसले. खोकला आवरला.

"रडायचं ते नंतर रडा, आजी," ती म्हणाली. "चौकीत माझं नाव लिहिलंय. ते आधी खोडायचं. उठा, चपला घाला."

प्रेमाताई उठल्या.