तारेनं बांधलेला व्हॉल्व्ह

मालवणच्या बंदरावर काशिनाथ तांडेलांचा बर्फाचा कारखाना होता. दुपारी तो त्यांचा मुलगा निकेत सांभाळायचा. २००५ सालच्या ऑक्टोबरात एका दुपारी एक मुलगी दारात आली... ओढणी कमरेला खोचलेली, कपाळावर घामाचे थेंब.

"अर्धी लादी होयी."

"अर्धी मिळत नाय," निकेत म्हणाला. "अख्खी घे, नायतर उद्या परत ये."

"म्हणजे उद्या येवकच लावतलंस तर!" ती हसली.

ती मासळी विकणाऱ्या शेवंतीची सुनीती. केमिकल इंजिनिअर होऊन लांबच्या एका कारखान्यात नोकरीला लागलेली, आता सुट्टीवर आलेली. दुसऱ्या दिवशी ती खरंच आली. त्याच्या पुढच्या दिवशी तर बर्फ मागायलाही विसरली! निकेत तिला यंत्रं दाखवत हिंडला. बर्फ गोठवणाऱ्या अमोनिया वायूच्या टाकीपाशी मात्र ती थबकली.

"ह्या सेफ्टी व्हॉल्व्हखालचा चाक तारेन कित्याक बांधलंस?"

"व्हॉल्व्ह गळत होतो. भायर शेडीत बायका मासे घेवन बसतत, त्यांचे डोळे चुरचुरत. म्हणान चाक फिरवन बंद करून टाकलंय." त्याला वाटलं, आता ही कौतुक करणार...

तिचं मालवणी गेलं आणि ऑफिसातलं मराठी आलं. "निकेत, टाकीत प्रेशर वाढलं तर अमोनियाला बाहेर पडायला ही एकच वाट आहे. ती बंद असली तर टाकी फुटेल. भिंतीपलीकडे माझी आई बसलीय! कॉम्प्रेसर थांबव. मी बायकांना हलवते."

खिडकीतून तिचा आवाज आला, "आये, ऊठ! सगळ्यांनी उठा हयसून!"

कॉम्प्रेसर बंद करून निकेत बाहेर आला. टोपल्या उचलून बायका वारा येत होता त्या बाजूला जाऊन उभ्या होत्या. सगळ्या त्याच्याकडेच बघत होत्या.

"काय झाला रे?" शेवंतीनं विचारलं.

दुरुस्ती काढलीय, असं सांगता आलं असतं. ते ओठांवर आलंही... पण सुनीती समोर उभी होती. नाही, ती नसती तरी—

"माझी चूक झाली, मावशी. गॅस भायर जावची वाट मीच बंद करून ठेवलेली."

"आणि आमका बाजूक बसवलंस?"

शेवंती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं नुसतं विचारलं. निकेतचे कान तापले, मान वर होईना.

ऐन मासळीच्या दिवसांत त्यानं कारखाना बंद ठेवला. काशिनाथ चिडले, ट्रॉलरवाले दुसरीकडून बर्फ नेऊ लागले. तरी नवा व्हॉल्व्ह बसून त्याचा पाइप छपराच्या वर उंच जाईपर्यंत निकेतनं यंत्राला हात लावला नाही. शेवंतीचं घर टाळायला तो लांबच्या वाटेनं जायचा.

एका संध्याकाळी तो जेटीवर एकटाच बसला होता. सुनीती येऊन शेजारी बसली.

"व्हॉल्व्ह बघून इलंय. बरो बसवलंस."

"हूं."

"माझ्याकडे बघ तरी..."

"लाज वाटता गो. तुझ्या आवशीक काय झाला असता तर—"

"माका पण वाटता."

"तुका? कित्याक?"

"त्या दिवशी तू खोटा बोलतलंस, असा वाटलेला माका." तिचा आवाज बारीक झाला. "आमच्या कारखान्यात तसाच बोलतत. मी तुका पण तसोच समाजलंय."

खाली लाटा जेटीला थडकत होत्या.

"उद्या जातलंस?" निकेतनं विचारलं.

"जातलंय. तुका काय इचारूचा आसा तां इचार ना!"

त्यानं तिच्याकडे पाहिलं. "माझ्यावांगडा... लगीन करशीत?"

ती लाजली. पण हसू तिला लपवता येईना. "माझा हो आसा. आता आयेक इचार. चल."

"आत्ता? खंयच्या तोंडान?"

"ह्याच." तिनं त्याचा हात धरला आणि जाळी विणत बसलेल्या सगळ्यांच्या देखत घरापर्यंत सोडला नाही.

शेवंती दारात बांगडे साफ करत होती. तिनं गुंफलेले हात पाहिले, मग निकेतची खाली गेलेली मान पाहिली.

"मान वर कर रे," ती म्हणाली. "जावयान असा येवचा नसता."