निळा चिमटा

विसरलेला डबा घ्यायला मी अर्ध्या रस्त्यातून परतले, म्हणून चोर सापडला. नाहीतर अजून महिनाभर नुसता चिमटाच तपासत बसले असते.

नागपूरच्या जरीपटका भागातल्या आमच्या फ्लॅटची गॅलरी चार फुटांची. तिथे मी पाइपला भोकं पाडून स्ट्रॉबेरीची अकरा रोपं लावली. पाखरं, माकडं, शेजारी — माझा कोणावरच विश्वास नाही, म्हणून वरून मच्छरदाणी. तिला निळा चिमटा, कायम डावीकडे. पण महिन्याभरापासून संध्याकाळी तो उजवीकडे सापडायचा. आणि फळ एकही कमी नाही! हे तर जास्तच संशयास्पद. रविवारी सोसायटीत बागेची स्पर्धा होती, आणि नागपुरात झकास स्ट्रॉबेरी येते असं मी सगळ्यांना ठणकावून सांगून बसले होते.

आणि आता समोर शेजारचा अनिश. मधल्या कठड्यावरून वाकलेला, हात थेट माझ्या मच्छरदाणीत. हातात... रंगाचा ब्रश? याच स्पर्धेत त्याच्या भिवापुरी मिरच्या होत्या.

“काय लावून राहिले माझ्या झाडाले?”

तो दचकला. कान लालबुंद झाले.

“लावत नाही काही. या फुलातले पराग त्या फुलात नेऊन राहिलो.”

“काहून?”

“मच्छरदाणीतून मधमाशी कशी येईल? म्हणून तर फळं वाकडी येत होती तुमची.”

मी पाहिलं. खालची जुनी फळं बेढब, कुबडी. वरची नवी मात्र गुटगुटीत, टोकदार, लाल होत आलेली. म्हणजे फळं मीच बिघडवत होते! हे पचायला जरा वेळ लागला.

“मग मले सांगायचं ना!”

“सांगणार होतो. पहिल्याच दिवशी तुम्ही म्हटलं, ‘इकडे काहून पाहून राहिले?’ हिंमतच नाही झाली.”

खरं होतं. तरी मी सोडते थोडीच!

“मी जिंकली तर तुमच्या मिरच्या हरतील. तुमचा काय फायदा?”

त्याने ब्रश कठड्यावर ठेवला.

“वाकडं फळ दिसलं की तुम्ही दार आपटून आत जाता. चांगलं दिसलं की... दहा मिनिटं इथंच उभ्या राहता. मले ती दहा मिनिटं पाहिजे होती.”

त्याच्या चेहऱ्यावर मी लबाडी शोधली, अगदी मन लावून. मिळाली नाही. हा मला आवडतो, कधीपासूनच आवडतो, हे कळलं आणि स्वतःचाच राग आला.

“मच्छरदाणी काढून टाका,” तो हळूच म्हणाला. “मधमाशा येतील. मग माझं काम नाही.”

मी चिमटा काढला. अर्धी मच्छरदाणी गुंडाळली... आणि थांबले. पुन्हा नीट खाली ओढली आणि चिमटा लावला — उजवीकडे, त्याच्या हाताला येईल असा.

“मधमाशांवर माझा विश्वास नाही,” मी म्हटलं. “तूच येत जा. पण मी घरी असताना.”